स्टेशनचे जुने फोटो आपल्याच घरात आहेत, मागे नावं लिहून ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा मोठं होणार आहे, पण छापायला जागा नसली तरी निदान वाचून बघा एवढी विनंती.

दरवर्षी १६ एप्रिल जवळ आला की आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच एक फोटो फिरायला लागतो. कमानींचा लांबच लांब पूल, त्यावर छोटीशी गाडी, आणि खाली लिहिलेलं असतं की ही भारतातली पहिली रेल्वे, बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३, ठाण्याच्या खाडीवरच्या पुलावर. सगळे अंगठे दाखवतात, आम्हाला ठाणेकर असल्याचा अभिमान वगैरे, मीपण इतकी वर्षं दाखवत आले. यंदा नातवाने विचारलं, आजी, पण ह्यात ठाणे स्टेशन कुठाय? मी चष्मा लावून नीट बघितलं आणि मग पहिल्यांदा डोक्यात आलं की अरे, त्या दिवशी गाडी खाडीपर्यंत गेलीच नव्हती ना. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून निघाली, १४ डबे, साधारण ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, ३४ किलोमीटर आली आणि ठाण्याला थांबली, कारण लाईन तिथेच संपत होती. खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गाडी सुरू झाली ती १ मे १८५४ ला. म्हणजे खाडीच्या पुलावर गाडी उभी असेल तर तो फोटो पहिल्या गाडीचा असूच शकत नाही, निदान एक वर्ष तरी नंतरचा. हे कळायला इतिहासाचा प्रोफेसर लागत नाही, ठाण्याची खाडी स्टेशनच्या पुढे आहे एवढं माहीत असलं की झालं.

मी ग्रुपवर लिहिलं तसं. दोन-तीन जणांनी अच्छा अच्छा म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ग्रुपवरून तोच फोटो तीच ओळ घेऊन परत आला.

पण मला १८५३ बद्दल फार बोलायचं नाहीये. त्याच्यावर लिहिणारी अभ्यासू माणसं आहेत, नाना शंकरशेठ आणि जीआयपी रेल्वे, म्हणजे मध्य रेल्वेच्या आधीची कंपनी, ह्यावर बरंच लिहून झालंय, सीएसएमटीच्या इमारतीत रेल्वेची हेरिटेज गॅलरीपण आहे. मला काळजी वाटते ती आपल्या आठवणीतल्या स्टेशनची. १९६० ते १९९५ मधलं जे स्टेशन मी आणि माझ्या वयाच्या लोकांनी रोज दोन वेळा बघितलं त्याचे फोटो कुठे आहेत? इंजिनांचे आहेत, उद्घाटनांचे आहेत, मंत्री हिरवा झेंडा दाखवतायत असे तर ढिगाने आहेत. पण ठाण्याच्या जिन्यावरची सकाळची गर्दी, पाण्याचा नळ, लाकडी बाक, बूटपॉलिशवाल्यांची ओळ, दिवे लागणारं वजनाचं मशीन ज्यातून पुठ्ठ्याचं कार्ड पडायचं, एका बाजूला वजन आणि भविष्य आणि दुसऱ्या बाजूला हीरो-हिरॉईनचा फोटो, ह्याचे फोटो कोणी काढलेच नाहीत. एक तर रोल महाग, बारा नाहीतर छत्तीस फोटो मिळणार, ते मुंजीला लग्नाला ठेवायचे, स्टेशनवर कोण वाया घालवणार. आणि दुसरं म्हणजे स्टेशनवर कॅमेरा काढायचीच भीती वाटायची, परवानगी लागते, पोलीस विचारतील, असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

तरी फोटो आहेत. आपल्या घरात आहेत, फक्त ते स्टेशनचे फोटो म्हणून काढलेले नाहीत. कोणीतरी गावाला निघालंय, कोणी मिलिटरीत निघालंय, नवरीची पाठवणी आहे, कोणाचा ऑफिसातला शेवटचा दिवस आहे, आणि मागे कोपऱ्यात अर्धवट इंडिकेटर दिसतोय, स्टॉलची पाटी दिसतेय, पत्र्याचं छप्पर दिसतंय. आपण माणसांकडे बघतो आणि पुढचं पान उलटतो. मी म्हणते आता जरा मागे बघा.

माझ्या घरचीच गोष्ट सांगते. मी ठाण्याची, नौपाड्यात चाळीत वाढले. वडील, म्हणजे आमचे अण्णा, फोर्टला एका कंपनीत अकाउंट्सला होते, अडतीस वर्षं ठाणे-व्हीटी केलं. लहानपणी संध्याकाळी आई आम्हा तिघांना घेऊन मासुंदा तळ्याला फिरायला न्यायची आणि येताना कधी कधी स्टेशनच्या बाहेर उभी राहायची अण्णांसाठी. टांगे उभे असायचे, घोड्याच्या लिदीचा आणि भज्यांचा एकत्र वास, आणि एक लोकल आली की माणसांचा लोंढा बाहेर पडायचा, सगळ्यांचे पांढरे शर्ट, सगळ्यांच्या हातात तशीच पिशवी आणि तसाच डबा, आणि त्यातून अण्णा नेमके कुठून येतील हे माझ्या धाकट्या भावाला कसं कळायचं देव जाणे, आधी तोच ओरडायचा. ह्याचा एकही फोटो नाही. एकही नाही. अण्णांचा स्टेशनवरचा फोटो म्हणाल तर फक्त एक आहे, आणि तो शेवटच्या दिवसाचा.

अण्णा १९८३ च्या जूनअखेर रिटायर झाले. त्यांच्या गाडीतल्या ग्रुपने, आठ बाराची ठाणे लोकल होती त्यांची, शेवटच्या दिवशी सकाळी प्लॅटफॉर्मवर त्यांचा सत्कार केला, हार, नारळ, शाल आणि पेढ्यांचा बॉक्स. ग्रुपमधल्या एकाकडे आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता, त्याने एक फोटो काढला. चौकोनी, ब्लॅक अँड व्हाईट, बाजूने पांढरी किनार. सोळा माणसं आहेत, अण्णा मधोमध, हार इतका मोठा की हनुवटी दिसत नाही, दोन जण मुद्दाम गाडीच्या दारात दांडा पकडून उभे, आणि मागे डब्याचं दार, लाकडी बाकाचा एक हात आणि वर इंडिकेटरचा अर्धा डबा. गाडी सुटायच्या आत काढलाय म्हणून सगळ्यांची नजर कॅमेऱ्याकडे कमी आणि इंजिनाच्या दिशेला जास्त.

अण्णा २००१ ला गेले. त्यानंतर तो फोटो बरीच वर्षं कपाटात होता, मागे भावाने कधीतरी बॉलपेनने 'अण्णा ऑफिसातील मित्र १९७९' असं लिहून ठेवलेलं. साल चुकीचं, आणि ते ऑफिसातले मित्रही नव्हेत. आई होती तोपर्यंत तिला विचारावं हे सुचलं नाही. चार वर्षांपूर्वी साफसफाईत सापडला तेव्हा मी बघितलं की सोळातल्या फक्त तिघांना मी ओळखते. अडतीस वर्षं रोज तास-तासभर ज्यांच्या मांडीला मांडी लावून माझा बाप बसला त्यातली तेरा माणसं मला माहीत नव्हती.

त्या तिघांतले एक काका हयात होते, नव्वदीच्या पुढचे, कोपरीला मुलाकडे असायचे. मी फोटो घेऊन गेले. कान गेलेले, पण डोळे शाबूत होते, भिंग मागितलं आणि खिडकीजवळ जाऊन बसले. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग बोट ठेवून एकेक सांगायला लागले आणि गंमत म्हणजे नाव आधी आठवत नव्हतं, जागा आठवत होती. हा विंडो. हा त्याच्या समोरचा, ह्याला वारा सोसायचा नाही म्हणून उलटा बसायचा. हा फोर्थ सीट, म्हणजे तिघांच्या बाकावर कडेला चौथा, बारा वर्षं फोर्थ सीट केली त्याने कुरकुर न करता. हा मुलुंडचा, सकाळी डाउन करून, म्हणजे आधी उलटा, ठाण्याला यायचा बसायला मिळावं म्हणून. हा दारातला, ह्याला आम्ही कधी आत बसलेलं बघितलं नाही. हा भजनाला टाळ वाजवायचा, हा पत्ते काढायचा, आणि ह्याच्या डब्यातली लसणाची चटणी तुझ्या वडिलांना फार आवडायची. चटणीचं तर आम्हाला घरी कोणालाच माहीत नव्हतं. असं करत करत जागेवरून आडनाव आलं, आडनावावरून कोणाची कुठली कंपनी ते आलं, दोन तासांत अकरा माणसं झाली. काका दमले होते पण सोडत नव्हते. शेवटी दोघे राहिले, डावीकडून दुसरा, हाताला छत्री अडकवलेला, आणि मागच्या रांगेत अर्धा चेहरा दिसणारा एक जाड फ्रेमचा चष्मेवाला. काका म्हणाले, परत ये, मी आठवून ठेवतो. मी गणपतीनंतर जाईन म्हणत राहिले आणि गणपतीतच ते गेले.

म्हणून हे पत्र लिहितेय. फोटो टिकतात हो, कागद चांगला असेल तर शंभर वर्षं टिकतो. फोटोतला माणूस ओळखणारं माणूस तेवढं टिकत नाही. माझ्या वयाच्या लोकांनी आता बसून ह्या गोष्टी लिहून ठेवल्या नाहीत तर आपल्या नातवंडांना ठाणे, डोंबिवली, मुलुंड, घाटकोपर सगळीकडच्या फोटोंत फक्त 'जुनी माणसं' दिसतील आणि मग व्हॉट्सॲपवर कोणीतरी त्याच्याखाली काहीही लिहील, त्या पुलाच्या फोटोसारखं.

साल ओळखायचं कसं हे लोक विचारतात तर थोडं मला समजलंय ते सांगते, मी गेली चार वर्षं नातेवाईकांचे आणि शेजाऱ्यांचे मिळून बरेच फोटो बघितलेत. रुळांच्या वर तारा नसतील तर फोटो खूपच जुना, कारण आपल्याकडे विजेवरची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला हार्बरवरून धावली आणि मग तारा पुढे पुढे ठाण्या-कल्याणपर्यंत आल्या. कुठेही जीआयपी अशी अक्षरं दिसली तर शक्यतो १९५१ च्या आधीचा धरा कारण मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला झाली, पण इथे सांभाळून, कारण खांबांवर, बाकांवर ती अक्षरं पुढे कितीतरी वर्षं तशीच राहिली. डब्यावर तिसरा वर्ग दिसला तर १९७४ च्या आधीचा. व्हीटीचं सीएसटी १९९६ ला झालं आणि सीएसएमटी २०१७ ला, एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी २०१८ ला, त्यामुळे मागे इंडिकेटर किंवा नकाशा दिसत असेल तर अंदाज येतो. स्टेशनच्या पाटीवरचं इंग्रजी स्पेलिंग बघा, फार जुन्या कागदांत आपल्या ठाण्याचं टी ए डबल एन ए एच असं आहे, नंतर टी एच ए एन ए झालं आणि मग आत्ताचं शेवटी ई असलेलं, कुर्ल्याचं तर सी आणि दोन ओ घालून लिहायचे. फोटो चौकोनी आणि पांढऱ्या किनारीचा असेल तर बहुतेक क्लिक थ्रीसारख्या बारा फोटोंच्या रोलवरचा. रंगीत असून लालसर पडला असेल तर साधारण सत्तर-ऐंशीच्या दशकातला, त्या कागदातला निळसर रंग आधी उडतो म्हणून माणसं अशी तांबडी दिसायला लागतात. ब्लॅक अँड व्हाईट त्या मानाने फार चांगले राहिलेत.

आणि प्लॅटफॉर्मच्या नंबरवर भरवसा ठेवू नका. दादरचंच बघा ना, ९ डिसेंबर २०२३ पासून सेंट्रलच्या एक नंबरला आठ नंबर म्हणायला लागले, वेस्टर्नचे एक ते सात तसेच ठेवले आणि पुढे सेंट्रलचे मोजले. प्रवाशांचा गोंधळ कमी व्हावा म्हणून केलं ते चांगलंच केलं, पण उद्या कोणाच्या फोटोमागे 'दादर प्लॅटफॉर्म १' एवढंच लिहिलेलं असेल तर तो कुठला एक नंबर? तेव्हा ईस्ट की वेस्ट, मुंबईकडची बाजू की कल्याणकडची, जिना कुठला, असं लिहा. आमच्या ठाण्यालाही पाच नंबर रुंद करायला २०२४ च्या मे-जूनमध्ये ६३ तासांचा ब्लॉक घेतला होता, सगळ्यांचे हाल झाले पण आता उतरताना जरा श्वास घेता येतो. तेव्हा किती जणांनी मोबाईलवर आधीचा अरुंद प्लॅटफॉर्म टिपून ठेवला असेल? मी स्वतः नाही ठेवला आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. सदतीस वर्षं त्या प्लॅटफॉर्मवर मी उभी राहिले, साडी पदर पर्स सगळं आवळून, पावसात छपराखालची जागा कुठे गळते आणि कुठे नाही हे पाठ होतं, लेडीज डबा नेमका कुठल्या खांबासमोर येतो ते पाठ होतं, आणि मोबाईल खिशात असून एक फोटो काढला नाही.

पारसिकच्या बोगद्याचंही तसंच झालं. १९१६ पासूनचा बोगदा, सव्वा किलोमीटरच्या वर लांब. आम्ही लहानपणी कल्याणला मावशीकडे जाताना फास्ट गाडी पकडायचा हट्ट करायचो कारण स्लो गाडी मुंब्र्याच्या बाजूने डोंगराला वळसा घालून जाते आणि फास्ट बोगद्यातून. आत शिरली की सगळी पोरं ओरडायची, डब्यातला पिवळा दिवा एकदम मोठा वाटायचा, कान बंद व्हायचे, आई पटकन माझ्या गळ्यातली चेन मुठीत धरायची. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाईन सुरू झाली आणि फास्ट लोकलही कळवा-मुंब्र्याच्या बाजूने जायला लागल्या, बोगदा मेल-एक्स्प्रेसला गेला. लोकलला वेगळी लाईन हवीच होती, वर्षानुवर्षं मागत होतो. पण लोकलमधून बोगद्यात शिरणं हे एक संपलं आणि त्याचा साधा व्हिडिओसुद्धा आमच्या घरात कोणाकडे नाही. नातवाला मी नुसतं सांगते, त्याला वाटतं आजी वाढवून सांगतेय.

कोणाकडे काय असेल त्याचा विचार करते तेव्हा मला सगळ्यात आधी दसरा आठवतो. दसऱ्याच्या आधीचा जो कामाचा दिवस असेल त्या दिवशी गाड्यांची पूजा, झेंडूची तोरणं, आपट्याची पानं, खिडक्यांना पताका, मोटरमनला हार आणि नारळ, आणि आमच्या लेडीज डब्यात सगळ्या ठरवून एका रंगाच्या साड्या नेसून यायच्या, कोणी घरून साखरभात आणायची कोणी कटलेट. त्या दिवशी मात्र हमखास कोणाकडे तरी कॅमेरा असायचा! ऐंशीच्या दशकात हॉट शॉट कॅमेरे आले तेव्हापासून तर नक्कीच. म्हणजे प्रत्येक ग्रुपचे दसऱ्याचे फोटो कोणाच्या तरी कपाटात आहेतच. डोंबिवलीच्या, बदलापूरच्या, अंबरनाथच्या बायकांकडे तर जास्तच असतील, त्यांचा प्रवासच एवढा मोठा. त्या फोटोंत आपल्याला डब्याच्या आतली रचना दिसते, लाकडी बाकं, हँडल, जुने पंखे, जाळीच्या भिंती, सगळं. तसेच १९९८ नंतरचे गणपतीचे. त्या वर्षी २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि त्याआधी एसटीच्या रांगेत रात्र काढणारी माणसं ठाणे स्टेशनवर सामान घेऊन बसायला लागली, त्यात चुलत-मावस सगळी एकत्र, पोरं बोचक्यांवर झोपलेली, ते फोटोही घराघरांत आहेत.

काही प्रसंगांचे फोटो असणं शक्यच नाही आणि तिथे आठवण लिहूनच ठेवायला हवी. मे १९७४ चा रेल्वेचा संप, मी सोळा वर्षांची होते, स्टेशन इतकं शांत मी पुन्हा कधी ऐकलं नाही. आणि २६ जुलै २००५, रात्री रुळांवरून चालत आलेली माणसं, त्यात माझा मुलगा. त्या रात्री फोटो कोण काढणार होतं.

फोटो सांभाळायचे कसे ह्याबद्दल मला लोकांना कळकळीने सांगायचंय कारण मी स्वतः चुका केल्यात. पानाला चिकट असलेले आणि वर प्लास्टिक असलेले ते अल्बम ऐंशी-नव्वदमध्ये सगळ्यांनी घेतले, त्यात फोटो कायमचे चिकटतात. ओढून काढू नका, फाटतात, माझे सहा फाटले, आधी तसेच पानासकट मोबाईलने किंवा स्कॅनरने काढून घ्या. लॅमिनेशन अजिबात करू नका, दुकानदार सांगेल चांगलं राहील म्हणून, पण ते परत निघत नाही. मागे बॉलपेनने लिहू नका, पुढे उमटतं आणि शाई पसरते, मऊ पेन्सिलीने लिहा, फोटो उलटा सपाट काचेवर ठेवून हलक्या हाताने. पावसाळ्यात बुरशी धरते म्हणून लोखंडी कपाटाच्या तळाला ठेवू नका, नवीन चपलांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. निगेटिव्ह असतील तर सोन्यासारख्या जपा, बटरपेपरमध्ये ठेवा. आमच्या भागातला एक फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा चाळीस वर्षांच्या निगेटिव्ह पोत्यात भरून भंगारात गेल्या, आम्हाला कळलं तेव्हा आठवडा झाला होता. स्कॅन करणार असाल तर सहाशे डीपीआयवर करा, मागची बाजूही करा कारण तिथे स्टुडिओचा शिक्का असतो. स्कॅनर नसेल तर दिवसा खिडकीजवळ, ऊन थेट न पडता, फ्लॅश बंद करून मोबाईलने वरून सरळ काढा. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर त्याचा बारीकपणा निघून जातो, मागच्या पाटीवरची अक्षरं वाचता येत नाहीत, आणि आपल्याला तर तीच हवी आहेत.

आणि हे सगळ्यात आधी करा, ते म्हणजे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर अल्बम उघडून बसा आणि मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा. प्रश्न फार विचारू नका. कोण आहे असं विचारलं की ती गडबडतात, आठवत नाही म्हणतात. कुठे बसायचा, कुठे चढायचा, डब्यात काय आणायचा असं विचारा, त्या काकांनी मला तेच शिकवलं.

तुमच्याकडे माझी मागणी अशी आहे की पेपरात आठवड्यातून एकदा चार इंच जागा ह्यासाठी द्या. एक वाचकाचा फोटो, उपनगरातल्या कुठल्याही स्टेशनवरचा, सेंट्रल, हार्बर, वेस्टर्न काहीही, आणि त्याखाली कोण, कुठे, साधारण कधी, कोणी काढला, एवढंच. सुंदर फोटो निवडू नका, धूसर असला तरी चालेल. ज्याची माहिती अर्धवट आहे तोही छापा आणि वाचकांना विचारा. ओळखणारा वाचक निघेल ह्याची मला खात्री आहे, तुमचा पेपर सकाळी गाडीत किती हातांतून जायचा ते मी बघितलंय, एक जण विकत घ्यायचा आणि आठ जण वाचायचे, पानं वेगवेगळी करून. ह्या फोटोंतल्या कितीतरी माणसांच्या हातात तुमचाच अंक असेल. त्याच्यावरची तारीखसुद्धा वाचता येईल कदाचित.

रेल्वेनेही मनावर घ्यावं. भायखळ्याचं जुनं स्टेशन किती सुंदर परत उभं केलं, युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला त्याला, मी मुद्दाम बघायला गेले होते. तसं सगळीकडे नाही होणार, मान्य. ठाण्याला जागा नाही, रोज लाखो माणसांना वाट द्यायची की जुने खांब जपायचे असा प्रश्न आला तर माणसांनाच वाट द्यावी. पण तोडण्याआधी एक माणूस कॅमेरा घेऊन पाठवा. जुना जिना, जुनी तिकीट खिडकी, छपराचे खांब. मध्य रेल्वेच्या जुन्या स्टेशनांवर पूर्वी रूळच उभे करून खांब म्हणून वापरलेले दिसतात, त्यावर परदेशी कारखान्याचं नाव आणि साल उठून दिसतं, रंगाचे थर बसून बसून बुजत चाललंय. तो खांब भंगारात गेला की ते सालही गेलं. एक फोटो, एक तारीख, एक ओळ, आणि त्याची प्रत त्या गावच्या ग्रंथालयाला. एवढं होण्यासारखं आहे.

सोबत अण्णांच्या त्या फोटोची कॉपी पाठवतेय, मूळ फोटो माझ्याकडे आहे. मागे मी आता पेन्सिलीने चौदा नावं लिहिली आहेत आणि भावाने लिहिलेलं १९७९ तसंच ठेवलंय, त्याच्याखाली जून १९८३ लिहिलंय. शक्य झालं तर जरा मोठा छापा. डावीकडून दुसरे, हाताला छत्री, पांढरा बुशशर्ट, वय तेव्हा पंचेचाळीस-पन्नास. आणि मागच्या रांगेत उजव्या टोकाला जाड फ्रेमचा चष्मा, अर्धाच चेहरा दिसतोय. ठाण्याहून सकाळी सुटणारी आठ बाराची लोकल, १९८३ च्या आधीची बरीच वर्षं. कोणाचे वडील, आजोबा, काका असतील तर तुमच्या पत्त्यावर कळवायला सांगा, मी त्यांना फोटोची चांगली प्रत करून देईन.

आपली,
एक जुनी वाचक
नौपाडा, ठाणे